मागून आणलेल्या चिंध्यांचं चिमणाळं

आमच्या भागात लेकरू जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवत नाहीत. टोपडं नाही, दुपटं नाही, साधा लंगोट नाही. बाळंतपण सुखरूप झालं, की मग जुन्या मऊ लुगड्यांना कात्री लागते. आधी शिवणं म्हणजे देवाला डिवचणं, असं मानतात. हा नियम पाळायला माझी काही हरकत नव्हती, पण ज्यांच्या पोटात लेकरू असतं त्यांना निदान नऊ महिन्यांचा हिशोब तरी ठाऊक असतो. आमचं लेकरू कुठल्या मुलखातल्या कुठल्या बाईच्या पोटात होतं, की जन्मून एखाद्या संस्थेच्या पाळण्यात पडलं होतं, की अजून व्हायचंच होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही दत्तकाच्या यादीत नाव घातलं होतं आणि वाट बघत होतो.

यादीतला नंबर मोबाइलवर दिसतो. माझ्या नवऱ्याचं मेहकरला विहिरीवरच्या मोटारींचं रिवाइंडिंग करायचं, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार भरायचं दुकान आहे. रविवारी दुकान बंद, म्हणून रविवारी सकाळचा चहा झाला की तो मोबाइल घेऊन दारात बसायचा, कारण तिथेच रेंज येते. कधी नंबर बराच पुढे सरकलेला असायचा, कधी दोन-दोन महिने जागचा हलायचा नाही. तो वाचून दाखवायचा आणि मी 'बरं' म्हणायचे. आमच्या फाट्यावर एसटीची वाट बघणं हे काही खायचं काम नाही, तरी एसटीचीही आम्ही कधी इतकी वाट पाहिली नव्हती. चार वर्षं हेच चाललं होतं.

गावात आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. दत्तक म्हटलं की लोक आधी विचारतात कुठल्या जातीचं, आणि मग विचारतात दोष दोघांपैकी कुणात आहे. दोन्ही प्रश्नांना उत्तर द्यायची माझी तयारी नव्हती. पहिल्यांदा बुलढाण्याहून समाजसेविका मॅडम घर पाहायला आल्या, तेव्हा आम्ही हात जोडून सांगितलं की गावात चौकशी करू नका. शिफारशीची पत्रं मेहकरच्या दोन ओळखीच्या माणसांनी दिली. शेजाऱ्यांना सांगितलं, विम्यावाल्या बाई आल्या होत्या. लपवायची सवय तिथून लागली आणि ती मला फार महागात पडली.

मी गावच्या अंगणवाडीची सेविका आहे. गावातलं प्रत्येक लेकरू माझ्या हातातून जातं. झोळीच्या काट्यात घालून त्याचं वजन मी करते, दंडाचा घेर मी मोजते, कुणाचं वजन घसरलं तर त्याच्या आईला रागावतेही मीच. एवढं असून बारशाचं बोलावणं मात्र मला येत नाही. मुद्दाम कुणी टाळत नाही, तसं कुणी तोंडाने बोलतही नाही. नुसतं बोलवायचं राहून जातं, आणि दुसऱ्या दिवशी घुगऱ्या घरपोच येतात. त्या घुगऱ्या मी खाते. चांगल्या असतात.

त्या उन्हाळ्यात अंगणवाडी सकाळची झाली होती आणि दुपारी हाताला काम नव्हतं. सासूबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. विषय त्यांनीच काढला. ज्या घरात लेकरं जगत नाहीत तिथे पुढच्या लेकराला पहिलं कापड पाच घरून मागून आणलेलं घालतात. घरं लेकुरवाळ्या बायांची हवीत. मागितलेल्या कापडातलं लेकरू साऱ्या गावाचं होतं आणि त्या घराची पीडा त्याला ओळखत नाही. माझा नवरा असाच वाढला. त्याच्या आधीची दोन गेली होती. याला लोकांच्या चिंध्या नेसवल्या, नाव केराकचऱ्यावरून ठेवलं आणि हा टिकला. ते नाव आजही त्याच्या दुकानाच्या पाटीवर आहे, आणि त्याला त्याची लाज वाटत नाही.

"रक्त तं आपलं नाही येत," सासूबाई म्हणाल्या, "कापड तरी आपल्या गावचं पाह्यजे."

दत्तकाला त्यांनी होकार दिला होता तो भिंतीकडे तोंड करून. त्यानंतर चार वर्षांत त्या लेकराबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आज पहिल्यांदाच त्या, ते येणारच आहे, असं धरून बोलल्या. मला इतकं बरं वाटलं की उठून त्यांच्याजवळ गेले आणि शेंगा फोडू लागले. 

झबलं शिवण्यात अर्थ नव्हता. येणारं लेकरू सहा महिन्यांचं असेल की दोन वर्षांचं, कुणाला माहीत. म्हणून मी चिमणाळं करायचं ठरवलं. पाळण्यावर कापडाच्या चिमण्या टांगतात, तेच. चिमणीला माप लागत नाही. लेकरू मोठं झालं तरी चिमणाळं घरात कुठेतरी लटकत राहतं, आणि पुढे कधी त्याने विचारलं तर सांगता येतं, ही अमक्या घरची, ही तमक्या घरची, तू यायच्या आधीच गावाने तुला हे दिलं होतं.

मागायची रीत अशी की पदर पसरायचा आणि कशासाठी हवं ते सांगून मागायचं. पहिल्याच दारात माझी जीभ रेटेना. मी म्हटलं, अंगणवाडीत शोभेसाठी चिमण्या करायच्या आहेत, लेकराचा लहान झालेला एखादा कपडा द्या. ते इतकं सहज तोंडातून निघालं की पुढच्या चारही दारांत तेच बोलले.

पहिलं दार समोरच्या घराचं. त्या घरातली सून मला ताई म्हणते. कळा सुरू झाल्यावर तिला मेहकरला नेलं तेव्हा गाडीत तिचा हात माझ्या हातात होता. तिने आठ महिन्यांच्या मुलाचं पिवळं फ्लॅनेलचं झबलं दिलं. दुसरीकडून हिरवं टोपडं मिळालं, तिसरीकडून फुलाफुलांचं दुपटं. चौथीने नवऱ्याच्या लुंगीतून काढलेला लंगोट दिला आणि ओशाळली. मी म्हटलं, चिमणीला काय कळतं, तिला लुंगी काय अन् पैठणी काय. पाचव्या घरी जिल्हा परिषदेच्या शाळेवरच्या मास्तरीणबाई राहतात. त्यांनी मुलीचा फ्रॉक धुऊन, इस्त्री करून दिला.

आणि इथे मी दुसरी चूक केली. अख्खा कपडा फुकट कसा ठेवायचा, असं वाटून मी प्रत्येकाचा तळहाताएवढा कोपरा कापून घेतला आणि उरलेलं ज्याचं त्याला परत केलं. मनात भलेपणाच होता. पण बिनलेकराची बाई लेकराच्या कपड्याचा कोपरा कापून नेते, सुईने टोचून शिवून ठेवते आणि त्या लेकराचं आयुष्य ओढून आपल्या पोटात घेते, ही गोष्ट आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. मलाही ठाऊक होती. अंगणवाडीच्या बैठकीत असल्या गोष्टींच्या विरोधात मी स्वतः भाषण केलं आहे. तरी कात्री चालवताना ती मला आठवली नाही, कारण माझ्याबद्दल कुणी असं काही समजेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

चिमण्या करायला आठ दिवस लागले. चौकोन तिरका दुमडायचा, दोन बाजू शिवायच्या, उलटवायचा, आत कापूस भरायचा, काळ्या दोऱ्याचे डोळे आणि लाल चिंधीची चोच. माझा हात शिवणात कधी बसला नाही. नवऱ्याने पहिली चिमणी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "चिमन्या हायेत का समोसे?" पण दुसऱ्या दिवशी त्यानेच दुकानातून तांब्याची जाड तार आणली आणि एक गोल कडं वळवून दिलं. त्याला कापड गुंडाळून पाच चिमण्या लटकवल्या. पाळणा नव्हताच. मग मधल्या खोलीत, आढ्याच्या खिळ्याला चिमणाळं बांधलं. पंखा लावला की पाचही चिमण्या फिरायच्या. भाजी निवडायला मी तिथेच बसू लागले. त्या तीन महिन्यांत मी जेवढी आनंदात होते तेवढी त्या चार वर्षांत नव्हते, हे आता सांगायला हरकत नाही.

भादव्यात एका सकाळी समोरच्या घरातली म्हातारी, म्हणजे त्या सुनेची सासू, विरजण मागायला आली. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी वाटी आणायला आत गेले तशी ती मागोमाग मधल्या खोलीत आली. वर पाहिलं आणि तिचा हात पिवळ्या चिमणीकडे गेला.

"हे तं आमच्या झबल्याचं हाये," ती म्हणाली. "तुमच्या घरात काऊन?"

मला खरं सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, अजून पुरं व्हायचंय, झालं की अंगणवाडीत नेणार आहे. तिने चिमण्या मोजल्या, खिळ्याची गाठ पाहिली, दोरीवर तीन महिन्यांची धूळ होती ती पाहिली. विरजण न घेताच गेली.

दुसऱ्याच आठवड्यात त्या घरातला मुलगा तापला आणि तापात त्याला झटके आले. मेहकरच्या डॉक्टरांनी अकोल्याला न्यायला सांगितलं. मी धावत गेले तर गाडी निघत होती. नेहमीसारखी मी दार उघडून आत बसायला लागले, तेव्हा सुनेने लेकराला पदरात घेतलं आणि म्हणाली, "तुमी नका येऊ, ताई." गाडीत जागा होती.

त्यानंतरच्या वजनाच्या दिवशी अंगणवाडीत तीन लेकरं आली. मदतनीस बाईने आवाज दिले, घरोघर जाऊन आली. कुणाच्या लेकराला सर्दी होती, कुणी मामाच्या गावाला गेलं होतं. मी काट्याशेजारी बसून राहिले आणि तीन नावांपुढे तीन वजनं लिहिली. राग आला होता. पण राग कुणावर धरायचा, हेच कळत नव्हतं.

घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, आता सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकू. त्याने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "आता सांगतलं तं बहाना वाटन. लेकरू बरं होऊ दे आधी." आणखी एक भीती होती, ती दोघांनीही बोलून दाखवली नाही. घरभेटीचा जुना अहवाल आता चालणार नव्हता, नवा करायला दसऱ्यानंतर मॅडम पुन्हा येणार होत्या. यादीतला आमचा नंबर अगदी पुढे आला होता. अशा वेळी गावात माझं नाव करणीशी जोडलं गेलं आणि ते मॅडमच्या कानावर पडलं, तर चार वर्षांवर पाणी पडणार होतं.

पोराला अकोल्याला नेल्याच्या चौथ्या दिवशी म्हातारी आली. सोबत दोन बाया होत्या, पण त्या ओट्याखालीच थांबल्या. पोरगा अजून डोळे उघडत नाही, असं तिने सांगितलं. भांडली नाही, ओरडली नाही. पदर पुढे केला.

"आमचं कापड आमाले देऊन द्या," ती म्हणाली. "शिवलं तुमच्या हातानं, उसवा बी तुमच्याच हातानं."

मी नाही म्हणू शकले असते. जादूटोण्याविरुद्धचा कायदा माझ्या बाजूने होता, शहाणपण माझ्या बाजूने होतं. पण तिचा तो पसरलेला पदर मला बघवेना, कारण तसा पदर मला पसरायचा होता आणि मी पसरला नव्हता. मी स्टुलावर चढून पिवळी चिमणी सोडली, तिच्यासमोर बसून एकेक टाका उसवला, कापूस काढला, चुरगळलेला तुकडा सरळ करून तिच्या पदरात टाकला. तुकडा सोडताना माझा हात क्षणभर त्याच्यावरच राहिला. ते तिने पाहिलं, आणि त्याचा तिने काय अर्थ लावला असेल ते मला माहीत आहे.

सासूबाई कोपऱ्यात बसून होत्या. म्हातारी गेल्यावर त्यांनी जमिनीवरचा कापूस वेचला आणि म्हणाल्या, आता पोरगा लवकर बरा होऊ दे.

पोरगा बरा झाला. अकोल्याच्या डॉक्टरांनी चार दिवस रात्रीचा दिवस केला होता, औषध लागू पडायला तेवढा वेळ लागतोच, हे मी दहा जणींना समजावू शकते. पण त्याने डोळे उघडले ते, मी चिमणी उसवली त्याच दिवशी संध्याकाळी. बातमी ऐकली तेव्हा मला आधी खरोखर आनंद झाला. त्या पोराचं वजन मी जन्मापासून करत आले आहे. मग हळूहळू लक्षात आलं, की आता सुटका नाही. चिमणी उसवूनही तो बरा झाला नसता तर निदान माझ्या हातात काही नव्हतं असं तरी लोक म्हणाले असते. तो बरा झाला आणि माझ्यावरचं बालंट पक्कं झालं.

पुढच्या तीन दिवसांत बाकीच्या तिघी येऊन आपापला तुकडा घेऊन गेल्या. कुणी वाईट बोललं नाही. लुंगीचा लंगोट देणारी तर रडली. तिला तो नको होता, घरच्यांनी पाठवलं होतं. मास्तरीणबाईंनी तुकडा परत मागितला नाही. त्या नुसत्या भेटायला आल्या, एकट्याच. त्यांना मी सगळं सांगितलं, यादीपासून सासूबाईंच्या रिवाजापर्यंत. गावात मी ते पहिल्यांदाच कुणाला सांगत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"मी हे काही मानत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमी मानता ना? मंग मांगताना खोटं काऊन बोलल्या?"

 मी त्यांचाही तुकडा उसवून दिला. त्यांनी घ्यायला नकार दिला, तेव्हा मी तो त्यांच्या पिशवीत कोंबला. एकाच घरच्या चिमणीचं मी काय करणार होते? तांब्याची तार नवरा दुकानात घेऊन गेला आणि एका मोटारीला वापरली.

दसऱ्यानंतर, सोयाबीनची काढणी चालू असताना मॅडम आल्या. घर पाहिलं, कागद पाहिले, आमची वजनं आणि रक्तदाब विचारले. मग म्हणाल्या, मागच्या वेळी तुमचं ऐकलं, या वेळी शेजाऱ्यांशी बोलावंच लागेल, मूल शेवटी शेजारातच वाढणार. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, विचारा. मॅडमनी इकडे-तिकडे पाहिलं आणि लहान लेकरू दिसलं ते घर निवडलं.

समोरच्या ओट्यावर सून मुलाला कडेवर घेऊन उभी होती. म्हातारी दाराआड होती. गल्ली ती केवढी, इकडचा शब्द तिकडे ऐकू येतो. मॅडमनी नमस्कार करून सांगितलं की समोरचं हे कुटुंब गेल्या चार वर्षांपासून मूल दत्तक घ्यायच्या यादीत आहे, तुमचं त्यांच्याबद्दल काय मत आहे? सुनेने माझ्याकडे पाहिलं. भादव्यानंतर ती पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघत होती. चार वर्षं, दत्तक, चिमण्या, झबलं, सगळं तिच्या मनात एका जागी येत असावं असं मला वाटलं. ती ताई म्हणून हाक मारेल अशी मी वाट पाहिली.

तिने मुलाच्या डोक्यावरून पदर घेतला.

"द्या न मॅडम, लवकर द्या त्यायले लेकरू," ती म्हणाली. "त्यायचं घर भरलं म्हंजे आमच्या लेकरायच्या मांगची पीडा तरी सुटन."

मॅडम हसल्या. त्या शहरातल्या. त्यांना वाटलं, मी लोकांच्या लेकरांचे फार लाड करते, त्याचीच ही थट्टा आहे. बाकी गल्लीत कुणी हसलं नाही.

परत येऊन त्या आमच्या खाटेवर बसल्या आणि फॉर्म भरला. मग भरलेलं वाचून दाखवलं. शेजाऱ्यांचा पूर्ण पाठिंबा आहे, या दांपत्याला मूल लवकरात लवकर मिळावं अशी त्यांची मनापासून इच्छा आहे. बरोबर लिहिलंय ना, असं त्यांनी मला विचारलं आणि पेन पुढे केलं. नवरा खाली बघत होता. मला लेकरू हवं होतं. बरोबर आहे, असं मी म्हटलं आणि सही केली.